टॅल्बटची फसलेली चित्रे

खिडकीच्या काचेवर नकाशा धरून त्यावर कोरा कागद ठेवून गिरवणारी मुले मी नोकरीत कित्येकदा पकडली. "हाताने काढा रे!" म्हणून रागावलोही. आता वाटते, जरा जास्तच रागावलो. कारण गिरवणेही वाटते तितके सोपे नाही.

विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये 'कॅमेरा ल्युसिडा' या उपकरणाचे पेटंट घेतले. नावात कॅमेरा असला तरी त्यात ना पेटी, ना फिल्म. टेबलाला अडकवलेल्या दांडीवर चार बाजूंचा एक लहानसा लोलक, बस्स. लोलकाच्या कडेवर डोळा असा धरायचा की अर्ध्या बाहुलीला समोरचा देखावा दिसावा आणि अर्धीला खालचा कागद व पेन्सिल. लोलकात प्रकाशाचे दोनदा परावर्तन होते, म्हणून देखावा सुलटा दिसतो. जणू तो कागदावरच उमटला आहे! गंमत म्हणजे कागदावर प्रत्यक्षात काहीच नसते. शेजारच्याला कागद कोराच दिसतो, आणि आपली मान जरा हलली की डोंगर सरकलाच.

खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यावर सुरेख चित्रे काढी. पण त्याचा हात मुळातच चित्रकाराचा होता. हेन्री फॉक्स टॅल्बटचे तसे नव्हते. गणित, वनस्पतिशास्त्र, प्राचीन भाषा यांत गती असलेला हा विद्वान, पार्लमेंटचा सभासद. ऑक्टोबर १८३३ मध्ये तो इटलीत कोमो सरोवराच्या काठी हे उपकरण घेऊन बसला. लोलकातून सारे झकास दिसे, पण डोळा बाजूला करून पाहावे तर कागदावर केविलवाण्या रेघा. बरोबर असलेली त्याची पत्नी कॉन्स्टन्स मात्र चांगली चित्रे काढत असे. बिचाऱ्याला काय वाटले असेल!

त्याला पूर्वी वापरलेला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' आठवला. त्यात भिंगातून आलेली प्रतिमा खरोखरच कागदावर पडते. मग ती स्वतःच तिथे टिकून राहिली तर? हात मध्ये हवाच कशाला?

घरी परतल्यावर मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. पॅरिसहून दागेरच्या शोधाची बातमी आल्यावर, जानेवारी १८३९ मध्ये, त्याने घाईघाईने आपले काम लंडनमध्ये मांडले. त्याची ऑगस्ट १८३५ ची एक निगेटिव्ह अजून जपलेली आहे, जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यात त्याच्या लेकॉक येथील घराची खिडकी आहे. सुरुवातीला भिंगाखाली तिच्या सुमारे २०० काचा मोजता येत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.