यादीवरच्या पेन्सिलीच्या खुणा : ग्वाल्हेर, १९८४

मागच्या दिवाळीत लष्करमधलं आमचं जुनं घर रिकामं केलं. काकांच्या लोखंडी ट्रंकेत, आणीबाणीत जेलमधून आजीला लिहिलेल्या पोस्टकार्डांच्या खाली, एक मतदार यादी निघाली. १९८४ सालची, हिंदीत छापलेली, घड्यांवर फाटलेली. आमच्या गल्लीची दोन पानं. प्रत्येक नावापुढे काकांच्या पेन्सिलीची खूण. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे गेला, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच.

खरी गंमत अशी की या खुणा एकावर एक आहेत. आधी बरोबर, ती खोडून प्रश्नचिन्ह, ते खोडून पुन्हा बरोबर, पण या वेळी पुसट. काही ठिकाणी रबराने कागद पातळ झालाय. सहा आठवड्यांत एका गल्लीचं मन कसं हललं त्याचा तो जणू आलेखच. मी तेव्हा नववीत होतो, आणि ही यादी घेऊन काकांच्या मागे कंदील धरून फिरायचं काम माझं होतं. वीज जायचीच, त्यामुळे कंदील लागायचा.

बाहेरच्या मंडळींसाठी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना तोवर कधी निवड करावी लागलीच नव्हती. दौलतराव शिंद्यांनी लष्करात तळ टाकला तेव्हापासून आपली माणसं तिथे. कोणी फौजेत, कोणी दफ्तरात, कोणी कीर्तनाला, कोणी गाण्याला. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, १९५६ला मध्य प्रदेश झाला, तरी दसऱ्याला मांढऱ्याच्या मातेपाशी शमीपूजन व्हायचं आणि आमचे आजोबा कपाटातली पगडी काढायचे. ते दरबारच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. दुसरीकडे याच घरांतली मुलं शाखेत जायची. स्वतः अटलजींना संघात आणणारे नारायणराव तर्टे हे मराठीच. राजवाडा आणि शाखा या दोन वाटा होत्या खऱ्या, पण त्या एकाच दिशेने जात होत्या. राजमाता विजयाराजे १९६७ला काँग्रेस सोडून निघाल्या, आणि १९७१ला तर सगळं जुळूनच आलं. ग्वाल्हेरहून अटलजी, भिंडहून राजमाता, गुण्याहून तरुण माधवराव, तिघेही जनसंघाचे. देशभर इंदिराजींची लाट होती आणि आमच्याकडे तिन्ही जागा पणतीला. आजोबांनी महाराजांच्या घराला मत दिलं, काकांनी संघाला दिलं, आणि दोघांनी शिक्का एकाच चित्रावर मारला.

१९८४ला हेच फुटलं. आई भाजपची उपाध्यक्ष, मुलगा काँग्रेसचा खासदार. जयविलासात मायलेकरांचं बोलणं बंद असल्याच्या गोष्टी सगळ्या शहराला ठाऊक होत्या, पण मतदानाच्या खोलीत त्यांची गाठ पडली नव्हती. माधवराव गुण्याहून लढायचे. ग्वाल्हेरची जागा ७७ला आणि ८०लाही आपल्या नारायण कृष्ण शेजवलकर वकिलांनी जिंकलेली.

तेव्हा अटलजी ग्वाल्हेरहून उभे राहणार म्हटल्यावर गल्लीत पहिली प्रतिक्रिया आनंदाची होती, असं सरसकट म्हणता येणार नाही. शेजवलकर आपले, घरच्या कार्याला येणारे; त्यांच्या जागी दिल्लीचा नेता का, असं दोन-तीन घरांनी बोलून दाखवलं. पण तो रुसवा चार दिवसांचा. अटलजी काही परके नव्हते. शिंद्यांच्या छावणीतले, गोरखीच्या शाळेतले, व्हिक्टोरिया कॉलेजातले. नया बाजारातल्या बहादुराच्या लाडवांवर त्यांचा जीव, हे गावात पोरासोरांना ठाऊक. यादीवर त्या आठवड्यातल्या खुणा ठळक आहेत. जवळजवळ सगळी गल्ली बरोबर. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या होऊन तीन आठवडे झाले होते. घराघरांत हळहळ होती, आमच्याही होती. ज्या बाईने काकांना एकोणीस महिने आत ठेवलं तिच्यासाठी आजीने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. तरी काका म्हणायचे, दुःख वेगळं आणि चुनाव वेगळा. (आमच्याकडे निवडणूक कोणी म्हणत नसे. चुनावच.)

मग अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. दुपारी काका दुकानातून धापा टाकत घरी आले. माधवरावांनी ऐन वेळी ग्वाल्हेरमधून अर्ज भरला होता. अटलजींना दुसरीकडे जायला वेळच उरला नव्हता. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोलले काहीच नाहीत. मला आठवतं, काका त्यांच्याकडे बघत उभे होते, आणि बापलेकांपैकी कोणालाच पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं.

पहिले काही दिवस गल्लीत राग होता, आणि तो माधवरावांवर होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे निकाल बघून लोक म्हणायला लागले की महाराज उभे राहिले तिथेच सगळं संपलं. तसं नव्हतं. असा गनिमी कावा आपल्याच गावच्या माणसाशी का, हा सूर होता. यादीवरही त्या आठवड्यात जेमतेम चार-पाच प्रश्नचिन्हं दिसतात, आणि तीही सरदारांकडे चाकरीला असलेल्या घरांपुढे.

राग उतरला तो महाराज गल्लीत आले तेव्हा. जीप नाक्यावर सोडून ते चालत आले. वय अवघं एकोणचाळीस. हात जोडून प्रत्येक दाराशी थांबत होते. ज्या बायकांनी राजवाडा फक्त दसऱ्याच्या गर्दीतून पाहिला होता, त्यांच्या उंबऱ्याशी जिवाजीराव महाराजांचा मुलगा उभा! आरत्या ओवाळल्या गेल्या. समोरच्या वाड्यातल्या मावशी आदल्या रात्री काकांना वचन देऊन बसल्या होत्या, त्याही तबक घेऊन धावल्या. आमच्या दाराशी आले तेव्हा आजोबा उठून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. कोणी सांगितलं नव्हतं, शरीरच वाकलं. काका आत माजघरात होते. बाहेर आलेच नाहीत.

त्या रात्री काकांनी यादी काढली तेव्हा रबर पहिल्यांदा चाललं.

अटलजींची अडचण दुहेरी होती. ते पक्षाचे अध्यक्ष. देशभर उमेदवार त्यांची सभा मागत होते, त्यामुळे स्वतःच्या मतदारसंघात हवा तेवढा वेळ देता येईना. पण आले की गाव लोटायचं. मी काकांच्या खांद्याला धरून एक सभा ऐकली. डिसेंबरची बोचरी थंडी, लोक रजया पांघरून बसलेले, खिशात गजक. ते मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, आणि हजारो माणसं श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट बघायची. हसणं काय, टाळ्या काय! काका परतताना उड्या मारायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी यादीवर प्रश्नचिन्हं खोडून पुन्हा बरोबर झाली. हीच ती पुसट बरोबरं. काकांच्या हाताला बहुतेक आधीच कळलं होतं की ऐकायला येणारा माणूस आणि मत देणारा माणूस एकच असेलसं नाही.

माझ्या मते, आणि हे मत मी चाळीस वर्षं घोळवून बनवलंय, त्या सहा आठवड्यांत अटलजींबद्दलचं प्रेम एक तोळाभरही कमी झालं नाही. मत तेवढं प्रेमापासून सुटं झालं. आणि ते सुटं व्हायला लोकांनी आपापली सोयीची कारणं शोधली. एक कारण असं की अटलजी काय, ते कुठूनही संसदेत जातीलच. (ते खरंही ठरलं. १९८६ला ते राज्यसभेत गेले, आणि मध्य प्रदेशातूनच.) दुसरं असं की सरकार राजीव गांधींचंच येणार, मग आपला माणूस सरकारात असलेला बरा.

तिसरं कारण मात्र मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि ते पुस्तकांत सापडत नाही, कारण ते स्वयंपाकघरात शिजलं. राजमाता पक्षाच्या बाजूने, म्हणजे मुलाच्या विरोधात उभ्या होत्या. बायका हे राजकारण म्हणून बघतच नव्हत्या. आई बोलते कमळाचं, पण पोटच्या पोराने हरावं असं कोणत्या आईला वाटेल? तेव्हा राजमातेच्या मनातलं करायचं तर हातावर शिक्का मारायचा, असा तो हिशोब होता. आमच्या आत्याने हे काकांच्या तोंडावर सांगितलं तेव्हा ते हतबुद्ध झाले. सोळा-सतरा वर्षं राजमातेचा शब्द म्हणून जी घरं कमळाकडे, त्याआधी पणतीकडे आली होती, तीच आता राजमातेच्या न बोललेल्या शब्दासाठी उलट निघाली होती. यावर प्रचार तरी काय करणार?

याच दरम्यान ३ डिसेंबरची सकाळ आली. भोपाळला आमची मामेआत्या राहायची. ट्रंक कॉल लागेना, दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. ती वाचली. काकांना वाटलं होतं, एवढं भयंकर झालंय, राज्यात सरकार काँग्रेसचं आहे, लोक जाब विचारतील. नाही विचारला. मध्य प्रदेशातल्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसला गेल्या. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात गल्ली गप्प झाली. आधी लोक वाद घालायचे, काकांना बसवून चहा पाजायचे. आता दार अर्धंच उघडायचं, पर्ची घ्यायची आणि हो हो म्हणायचं. ‘आपलंच आहे सगळं, काळजी करू नका’ असं जो म्हणाला त्याच्यापुढे काका फुली मारायचे. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं. २५ तारखेला अटलजींना साठ वर्षं पूर्ण झाली. काकांनी बहादुराकडून लाडू आणले, सगळ्यांनी खाल्ले, आजोबांनीही दोन खाल्ले आणि म्हणाले, मोठा माणूस आहे. काकांनी विचारलं, मग? आजोबा म्हणाले, मग काय, मोठा माणूस आहे.

निकाल रेडिओवर ऐकला. माधवरावांना ३,०७,७३५, अटलजींना १,३२,१४१. पावणेदोन लाखांचा फरक. देशभरात भाजपच्या दोनच जागा आल्या. आमच्या घरात कोणी जल्लोष केला नाही. ज्यांनी हाताला मत दिलं होतं त्यांचेही चेहरे सुतकी. समोरच्या मावशी संध्याकाळी काकांसाठी शिरा घेऊन आल्या. काकांनी तो खाल्ला. पुढे अटलजींनीच या पराभवाबद्दल सांगितलं की आपण ग्वाल्हेर सोडलं असतं तर राजमाता मुलासमोर उभ्या राहिल्या असत्या, आणि ते आपल्याला नको होतं, अशा अर्थाचं. काकांनी ते कात्रण बरीच वर्षं पाकिटात ठेवलं होतं.

आता कोणी म्हणेल, राजनिष्ठा ती राजनिष्ठा, कायमचीच. तेही खरं नाही. माधवराव रेल्वेमंत्री झाले, शताब्दी ग्वाल्हेरला थांबायला लागली, १९९६ला काँग्रेस सोडून स्वतःच्या पक्षावर उभे राहिले तरी गावाने त्यांना निवडून दिलं. पण १९९८ला जयभानसिंह पवैयांनी त्यांचं मताधिक्य सव्वीस हजारांवर आणलं, आणि पुढच्याच वर्षी महाराज गुण्याला परतले. त्या वेळी आजोबा नव्हते. आरतीचं तबक घेऊन धावणाऱ्या पिढीतलं फारसं कोणी नव्हतं.

आमच्या घराचीही नावं यादीत आहेत. आजोबांपुढे काकांनी सुरुवातीपासून काही खूणच केलेली नाही. बाबांपुढे बरोबर, आईपुढे प्रश्नचिन्ह. आईला परवा विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, त्यांना बरोबर कळलं होतं.

आजीच्या नावापुढे मात्र कागदाला भोक पडलंय. इतक्यांदा खोडलं होतं. मतदानाच्या दिवशी मीच तिला हाताला धरून केंद्रावर नेलं. परतताना काका बूथबाहेरच्या टेबलाशी बसले होते, त्यांनी मान वर केली, आजीने त्यांच्या मफलरचं टोक नीट कानावर खोचलं आणि विचारलं, जेवायला किती वाजता येशील?