वेसण, शिंगे आणि बैल

जालना जिल्ह्यात गोऱ्ह्याचा बैल होईपर्यंत त्याच्या शरीरावर तीन गोष्टी केल्या जात: नाक टोचून वेसण घालणे, खच्ची करणे आणि पुढे दरवर्षी शिंगे साळणे. तिन्ही माणसाच्या सोयीसाठी होत्या आणि तिन्हींची वेदना मुक्या जनावराच्या वाट्याला येई. ज्या भागाची सारी शेती बैलाच्या खांद्यावर उभी राहिली, तिथे हा इतिहास नीट सांगितला गेला पाहिजे.

भारी काळ्या जमिनीत लोखंडी नांगर ओढायला एक जोडी पुरत नसे, दोन-तीन जोड्या एकापुढे एक जुंपाव्या लागत. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या जाती अशा कामासाठी नावाजलेल्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि खेड्यापाड्यांतला कापूस बैलगाड्यांनी जालन्याच्या बाजारात येऊ लागला. त्याच्या शंभरेक वर्षे आधी बैल युद्धातही राबले होते. जालना जिल्ह्यातल्याच असई गावाजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालची इंग्रज फौज यांची लढाई झाली. इंग्रजांच्या तोफा बैल ओढत होते. मराठ्यांच्या तोफखान्याने हे बैल आणि गोलंदाज टिपले, तेव्हा त्या तोफा जागीच सोडून पायदळाला पुढे जावे लागले. लढाईच्या वर्णनांत या बैलांना एखादी ओळ मिळते, तीही तोफा का अडल्या हे सांगण्यापुरती.

वेसण घालण्याचे काम गोऱ्हा साधारण दीड-दोन वर्षांचा झाल्यावर होई. चार माणसे त्याला खांबाशी आवळून धरत. जाणता माणूस बोटांनी दोन नाकपुड्यांमधला मऊ पडदा चाचपून दाभण आरपार घाली आणि त्यामागून दोरी ओवून कानांमागे बांधली जाई. भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. पावसाळी हवेत जखमेवर माशा बसून अळ्या पडत. हे दुखणे जखम भरल्यावरही संपत नसे, कारण नाकपुडीच्या त्या भागात संवेदना फार तीव्र असते आणि वेसणीचा सारा उपयोग तिथे ताण बसण्यावरच आहे. कासरा हिसकणाऱ्याच्या हातात पडलेल्या बैलाचे नाक कायमचे सुजलेले राही, क्वचित फाटेही. अंबाडीच्या दोरीची जागा पुढे नायलॉनने घेतली. ती कुजत नाही, पण ओल्या नाकाला जास्त काचते.

खच्ची करण्याची जुनी रीत म्हणजे बडवणे. बैल पाडून चारी पाय बांधायचे, वृषणाच्या शिरा दोन काठ्यांत धरायच्या आणि त्यांवर लाकडी मोगरीचे किंवा दगडाचे घाव घालायचे. मान आणि वशिंड भरावे म्हणून हे काम उशिरा करत, म्हणजे जनावर पुरते वाढल्यावर, जेव्हा वेदना आणि सूज दोन्ही जास्त. इटालियन पशुवैद्य बर्डिझो यांचा चिमटा विसाव्या शतकात आला. त्याने कातडी न फाडता शिरा दाबता येतात, रक्त जात नाही आणि जंतुसंसर्गाची भीती घटते. गावोगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांमुळे तो सर्वत्र पोचला. बडवण्यापेक्षा तो कितीतरी बरा, तरी भूल न देता वापरला तर वेदनारहित मुळीच नाही.

शिंगे साळण्याचा त्रास सर्वांत कमी ओळखला गेला. श्रावणी अमावस्येच्या पोळ्याला बैल सजवायचा म्हणून शिंगे तासून गुळगुळीत करायची, त्यांवर रंग द्यायचा, बेगड चिकटवायची, टोकांना पितळी शेंब्या बसवायच्या. पण शिंगाच्या कवचाखाली जिवंत हाडाचा गाभा असतो. भारतीय गोवंशात, विशेषतः खच्ची केलेल्या बैलांत, शिंगाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि वारंवारचे साळणे, रंग आणि जुवाचे घासणे ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. बैल सारखी मान झटकू लागतो, एक शिंग लुळे पडते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. मग भूल देऊन शिंग मुळापासून काढण्यावाचून इलाज राहत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने बैलांचे खांदे मळण्याचा रिवाजही याच घरांतला. एकाच सणात इतकी माया आणि इतकी इजा शेजारी असावी, याचे वाईट वाटते.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला विद्रूप करणे गुन्हा ठरवले, पण गुरांची शिंगे काढणे, तसेच खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे विहित पद्धतीने केली तर त्यांना सूट दिली. ती पद्धत कोणती, हे पुढची सहा दशके कोणी लिहूनच ठेवले नाही. जगात इतरत्र याच स्वरूपाचा वाद मांजराच्या नखांवरून झाला. सोफे आणि पडदे वाचवण्यासाठी अमेरिकेत रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत नखांबरोबर प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडही कापले जाते. मांजराची चाल बिघडू शकते, दुखणे रेंगाळते, नखे गेलेले मांजर चावू लागते. युरोपीय परिषदेच्या 1987 च्या करारात या शस्त्रक्रियेला मनाई आहे, न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये ती बंद केली. ओरबाडायला खांब ठेवणे आणि नखांची नुसती टोके कापणे एवढ्याने काम भागते. भारतातल्या बैलाला असा विचार मिळायला 2023 साल उजाडावे लागले. त्या वर्षी केंद्र सरकारने केलेल्या नियमांत नोंदणीकृत पशुवैद्य आणि भूल यांची अट आली, वेसणीऐवजी तोंडावरून बांधायच्या दोरीला आणि बिनशिंगी जनावरांच्या पैदाशीला पसंती मिळाली.

तोंडावरून बांधायची ही दोरी म्हणजे म्होरकी. ती गोठ्यात पूर्वापार आहे. पोळ्याला नव्या वेसणीबरोबर नवी म्होरकीही येतेच. तिचा दाब नाकाच्या हाडावर आणि गालांवर पडतो, जखम होत नाही. मात्र दोन वर्षांच्या अंगापिंडाने भरलेल्या गोऱ्ह्याला ती एकदम घालून चालत नाही. वासरू दूध पीत असतानाच म्होरकी चढवावी लागते, रोज थोडे हातात धरून फिरवावे लागते, हाकेला थांबायला शिकवावे लागते. पुढे शांत जुन्या बैलाच्या जोडीला हलक्या औताला जुंपले की ते कासऱ्याच्या हलक्या इशाऱ्यावर वळते.

आर लावलेली पराणी वापरायला 1965 च्या ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनीच मनाई केली आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम आणि तापमान 37 अंशांच्या वर गेले असता दुपारी 12 ते 3 या वेळेत जुंपणे त्यांत निषिद्ध आहे. जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हा नियम जवळपास रोजच लागू पडतो. शिंगे तासण्याऐवजी नुसती पुसून तेल लावले आणि रंगाऐवजी झेंडूची माळ गुंडाळली, तर सणात काही उणे पडत नाही. खच्चीकरण दवाखान्यात, लहान वयात आणि स्थानिक भूल देऊन करून घेता येते. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला एखादीच जोडी उरली आहे, त्यामुळे प्रत्येक वासराला शिकवायला लागणारा वेळ काढणे पूर्वीइतके अवघड नाही.