पाद्रीबाबांची ऊबपेटी

इंग्लंडात शेफील्ड नावाचे पोलादाचे शहर आहे. १८८० साली तेथल्या एका विद्यालयाचे प्रमुख होते विल्यम डॅलिंजर. पेशाने पाद्री, पण सूक्ष्मदर्शकाचा भारी नाद! डार्विनच्या निसर्गनिवडीवरून तिकडे त्या काळी पुष्कळ वादंग चालले होते. यांनी म्हटलं, वाद कशाला, करूनच पाहू.

चाबकासारखी शेपटी असलेले, पाण्यातले एकपेशीय जीव त्यांनी ऊबपेटीत ठेवले. सुरुवात ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या पहाटेइतक्या गारव्यात. मग ऊब वाढवत नेली, पण किती हळू! पहिले १० अंश चढवायला ४ महिने. ७३ अंशांवर जीव मलूल झाले. पाद्रीबाबा थांबले. दोन महिन्यांनी वाढ पुन्हा जोमाने सुरू झाली, तेव्हा पुढचे पाऊल.

आता कोणी म्हणेल, जिवांना उन्हाची सवय झाली. तसे नव्हे. दुष्काळात सगळे रान करपते, पण चार ताटे तगतात. शेतकरी त्यांचेच बी राखतो. जन्मतःच इतरांहून थोडे निराळे असलेले जीव तगले आणि त्यांचीच प्रजा वाढली, असा याचा अर्थ. बी राखणारा मात्र येथे कोणी नव्हता. ते काम उष्णतेनेच केले. शिवाय या जिवांच्या पिढ्या झरझर उलटतात, म्हणून माणसाला एका आयुष्यात हे पाहता आले.

सुमारे सात वर्षांत पारा १५८ अंशांवर, म्हणजे ७० अंश सेल्सियसवर गेला. गंमत पुढेच आहे. त्या उष्णतेतले जीव पूर्वीच्या गारव्यात ठेवले, तर ते मेले. वाडवडिलांचे घरच त्यांना परके झाले होते!

१८८६ साली अपघाताने पेटी नष्ट झाली आणि प्रयोग संपला. प्रयोगाबद्दल पत्रातून आस्था दाखवणारा डार्विन १८८२ सालीच वारला होता.

७० अंशांच्या आकड्याबद्दल आजचे शास्त्रज्ञ साशंक आहेत. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत टॉमस ब्रॉक यांना १९६६ साली ७० अंशांत सुखाने वाढणारे जिवाणू सापडले खरे. पण जिवाणूंना केंद्रक नसते. डॅलिंजरांच्या जिवांना ते होते, आणि असे जीव इतक्या उष्णतेत वाढताना पुढे कोणी दाखवलेले नाहीत. पडताळून पाहावे, तर त्या पेटीतला एकही जीव मागे उरलेला नाही.