मजकूर स्तंभांची स्वच्छता

मजकूर स्तंभांची स्वच्छता म्हणजे विदा-विश्लेषणापूर्वी तक्त्यातील अक्षरी नोंदी एकसारख्या रूपात आणण्याची प्रक्रिया होय. गावांची, व्यक्तींची किंवा पिकांची नावे निरनिराळ्या हातांनी टंकली गेल्याने एकाच नावाची अनेक रूपे स्तंभात साचतात. संगणक त्यांतील प्रत्येक रूप वेगळे मानतो. एक्सेलमधील पॉवर क्वेरी, पायथन भाषेतील पांडाज आणि २०१२ पासून ओपनरिफाइन या नावाने ओळखली जाणारी मुक्तस्रोत प्रणाली ही यासाठीची प्रचलित साधने आहेत.

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्याचे नाव एखाद्या यादीत ‘धर्माबाद’, ‘धरमाबाद’, ‘ता. धर्माबाद’ असे तीन प्रकारे आले आणि कुठे नावाअखेरीस रिकामी जागा राहिली, तर तालुक्याची बेरीज चार ठिकाणी विभागली जाते. रिकामी जागा छाटणे आणि ‘ता.’ काढणे ही एकेका आज्ञेची कामे आहेत. ‘धरमाबाद’ मात्र पर्यायी रूपांची यादी करूनच बदलावे लागते.

देवनागरीतील अडचणी

इंग्रजी मार्गदर्शिकांत आरंभीच येणारे ‘सर्व अक्षरे लहान करा’ हे पाऊल देवनागरीत निरर्थक आहे. ‘अक्षरे व अंक सोडून सर्व काही काढा’ ही आज्ञा तर घातक ठरते. पायथनच्या मानक रेग्युलर एक्स्प्रेशन संग्रहात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना शब्दाच्या अक्षरांत होत नाही. परिणामी ‘धर्माबाद’चे ‘धरमबद’ आणि ‘नांदेड’चे ‘नदड’ होते. ‘पुणे’ आणि ‘पेण’ ही दोन्ही नावे ‘पण’ होऊन एकमेकांत मिसळतात, आणि त्यानंतर ती वेगळी करता येत नाहीत.

काही फरक डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तरीही ‘अ’ला चंद्र जोडून ते टंकण्याची पद्धत टिकून आहे. युनिकोडचे प्रमाणीकरण या जोड्या एकरूप करत नाही, त्यामुळे त्यांसाठी स्वतंत्र बदल-नियम लिहावे लागतात.

अतिस्वच्छतेचा धोका

प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे. नांदेडमधील तरोडा बुद्रुक आणि तरोडा खुर्द ही वेगळी ठिकाणे आहेत. ‘बु.’ व ‘खु.’ ही अक्षरे कचरा समजून काढल्यास दोन्हींच्या नोंदी एका नावाखाली जातात आणि लाभार्थ्यांची यादी असेल, तर कोणाचे नाव कोणत्या गावचे हे कळेनासे होते. यासाठी मूळ स्तंभ तसाच ठेवून दुरुस्त रूप नव्या स्तंभात लिहितात. गावाचा सरकारी संकेतांक उपलब्ध असल्यास जुळणी त्यावरून करणे नावावरून करण्यापेक्षा केव्हाही भरवशाचे.

धर्माबादजवळच्या सीमेपलीकडील बासरबाबत काळाचाही विचार करावा लागतो. २०१४ पूर्वीच्या नोंदींत त्याचे राज्य आंध्र प्रदेश, तर नंतरच्या नोंदींत तेलंगणा असते; २०१६ मध्ये जिल्हाही आदिलाबादऐवजी निर्मल झाला. अशा स्तंभात सर्व जुनी मूल्ये सरसकट बदलण्याऐवजी नोंदीच्या वर्षासह दोन्ही रूपे जपली जातात.