वजन कमी करताना चहा : कोणता, किती आणि कधी

बोईसरच्या एमआयडीसीत पाळी सुटली की कामगाराला आधी गेटबाहेरची टपरी दिसते, मग घर आठवतं. पालघर स्टेशनवर सकाळची लोकल पकडणारा माणूस एक कटिंग घेतल्याशिवाय डब्यात चढत नाही. घरी कोणी आलं आणि चहा न देता पाठवलं तर तो पाहुणचार झालाच नाही, असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे डॉक्टरांनी "वजन उतरवा, नाहीतर शुगर मागे लागेल" असं सांगितलं की घरात पहिला सवाल येतो, चहा बंद करायचा का? आणि दुसरीकडे मोबाईलवर कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ सांगत असतो की अमुक चहा प्या, महिन्यात दहा किलो उतरतील.

दोन्ही गोष्टींत फार तथ्य नाही. नुसत्या चहाने वजन वाढत नाही आणि नुसत्या चहाने उतरतही नाही. पत्ती उकळलेल्या साध्या पाण्यात जेमतेम एक-दोन कॅलरी असतात. वजन वाढवतात त्यात पडणारं दूध आणि साखर, आणि बशीत शेजारी ठेवलेली खारी.

वजन जास्त आहे की नाही हे आधी बघून घ्या. आपल्या भारतीयांसाठी डॉक्टर मंडळी बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त, आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. पोटाचा घेर पुरुषाचा 90 सेंटीमीटर आणि बाईचा 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला तर तो इशारा समजावा. आपल्या लोकांची चरबी आधी पोटावर चढते, म्हणून वजनकाट्याइतकंच शिंप्याच्या टेपकडेही लक्ष असू द्या.

एका कपाचा हिशोब

फुल क्रीम पिशवीच्या दुधात 6 टक्के फॅट असतं. अशा 100 मिलिलिटर दुधात साधारण 85 ते 90 कॅलरी. घट्ट चहा आवडणाऱ्या घरात एका कपात पाऊण वाटणी दूधच असतं. ते 75 मिलिलिटर धरलं तर 65 कॅलरी झाल्या. त्यात दोन चमचे साखर, म्हणजे 10 ग्रॅम, 40 कॅलरी. एक कप सव्वाशेला जाऊन टेकत नाही, पण शंभराच्या वर नक्की. म्हशीचं सुटं दूध असेल तर आणखी वर.

आता दिवसाचे कप मोजा. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याला एक, कामावर अकराला एक, असरनंतर एक, आणि रात्री कोणी भेटायला आलं म्हणून एक. पाच कप म्हणजे सव्वापाचशे कॅलरी आणि 50 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेलं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, आणि 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे 25 ग्रॅम, ठेवली तर अधिक चांगलं. आपण त्या 25 ग्रॅमच्या दुप्पट साखर नुसत्या चहातून घेतो. शीरखुर्मा, शरबत, बिस्किटं यांची मोजणी अजून सुरूही झाली नाही.

बिस्किटांवरून आठवलं. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात आणि चहात बुडवून कोणी एक खात नाही. खारी हलकी लागते, पण तिचे पदर सुटतात ते मैद्यात घातलेल्या भरपूर वनस्पती तुपामुळे. दोन खाऱ्या म्हणजे शंभरेक कॅलरी सहज. नानखटाईचं तर बोलूच नका. "मी दिवसभर काही खातच नाही, तरी वजन वाढतं" असं म्हणणाऱ्या भाभी आणि खाला प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्या खोटं बोलत नाहीत. चहाबरोबर जे जातं ते आपण खाण्यात धरतच नाही.

मग काय बदलायचं? टोन्ड दुधात 3 टक्के फॅट असतं, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. टोन्ड दूध 40 मिलिलिटर आणि साखर अर्धा चमचा घेतली तर कप पस्तीस कॅलरींवर येतो. असे तीन कप म्हणजे शंभरच्या आसपास. आधीच्या सव्वापाचशेतून चारशेवर वाचल्या. बाकीचं जेवण तेच राहिलं तर कागदावर हा महिन्याला दीड किलोचा फरक आहे. प्रत्यक्षात तेवढा पडत नाही, कारण शरीरही आपला खर्च आवरतं आणि चहाची कसर भातात निघते. पण ही सुरुवात आहे, आणि तिला एक रुपया लागत नाही.

अडचण वेगळीच असते. घरात चहा एकाच टोपात होतो आणि साखर त्यातच उकळते. सून स्वतःपुरता फिका चहा वेगळा करायला गेली की सासूबाई विचारणार, आमचा चहा आता चालत नाही का? यावर आमच्या घरी निघालेला तोडगा सांगतो: टोपात साखर घालायचीच नाही. साखरेचा डबा आणि चमचा ट्रेमध्ये ठेवायचा, ज्याने त्याने आपापली घ्यावी. पहिले आठ दिवस कुरबुर झाली. अब्बांनी तर तीन चमचे घालून दाखवले. पण हाताने घालताना चमचे दिसतात, टोपातले दिसत नाहीत. महिन्याभरात ते स्वतःच दीडवर आले. टपरीवर मात्र साखर आधीच उकळलेली असते, तिथे "फिकी" सांगूनच मागावा लागतो. चहावाले देतात, शुगरची गिऱ्हाइकं त्यांनाही काही कमी नाहीत.

गुळाचा चहा हल्ली जागोजागी मिळतो आणि लोक तो औषधासारखा पितात. गुळात साखरेपेक्षा थोडे क्षार जास्त असतात हे खरं, पण कॅलरी जवळजवळ तेवढ्याच. मधाचंही तेच. मधाबद्दल आपल्या दिलात जी इज्जत आहे ती असू द्या, पण चमचाभर मधात वीसेक कॅलरी आहेत आणि वजनकाट्याला त्या मोजता येतात. गोळीवाल्या साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा आधार घेऊ नका. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

ग्रीन टीचं खरं-खोटं

ग्रीन टी हे काही वेगळं झाड नाही. आपली टपरीची काळी दाणेदार पत्ती आणि ग्रीन टी एकाच झाडाची पानं. काळ्या चहात पान चुरून हवेवर काळं पडू देतात, ग्रीन टीत लगेच वाफ किंवा आच देऊन हिरवं ठेवतात. त्यामुळे त्यात कॅटेचिन नावाचे घटक जास्त उरतात. त्यांनी चरबी जळते, असा गाजावाजा आहे. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2012 साली याचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की ग्रीन टीने वजनात पडणारा फरक इतका बारीक आहे की तब्येतीच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

तरी काहींचं वजन ग्रीन टीने उतरतं, कारण तो दूधसाखरेच्या चहाच्या जागी येतो. ते काम बिनदुधाचा काळा चहा, लिंबू पिळलेली सुलेमानी किंवा पुदिन्याचं पाणीही करतं, आणि स्वस्तात. आपल्या भागात अंगणात, कुंडीत चहापात असतेच. गवती चहाच्या त्या पातीत कॅफिन नसतं. नुसती पात आणि आलं उकळून प्यायलं तर रात्रीही चालतं.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांपासून मात्र लांब राहा. कपातल्या चहाची आणि गोळीतल्या अर्काची मात्रा सारखी नसते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे त्यातलं मुख्य कॅटेचिन, गेलं तर यकृतावर ताण आल्याची चिन्हं दिसतात.

पोट साफ करणारे "स्लिमिंग" चहा

हा सगळ्यात धोक्याचा प्रकार, आणि आपल्या घरांत तो दोन वाटांनी येतो. एक मेडिकलमधून किंवा ऑनलाइन पाकीट म्हणून, दुसरा सना मक्कीच्या नावाने. अनेक पाकिटांवर बारीक अक्षरांत सेन्ना किंवा सोनामुखी लिहिलेलं असतं. सना मक्की म्हणजे तीच. तिब्बे नबवीच्या किताबांत सनाचा जिक्र आहे तो पोट साफ होण्याच्या संदर्भात. वजन उतरवण्यासाठी रोज प्या, असं तिथे सांगितलेलं नाही. ती जोड अलीकडच्या विकणाऱ्यांनी दिली.

सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते. जेवणातल्या कॅलरी त्याच्या आधी, लहान आतड्यातच शोषल्या गेलेल्या असतात. म्हणजे जुलाबावाटे बाहेर जातं ते पाणी आणि क्षार. दोन दिवसांत काटा किलोभर खाली येतो, पाणी प्यायलं की परत वर जातो, चरबी जागच्या जागी. महिनोन् महिने प्यायलं तर पोटात मुरडा येतो, पोटॅशियम कमी होऊन अशक्तपणा येतो आणि आतड्याला तिच्याशिवाय चालेनासं होतं. पाकिटावर घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना नंबर नसेल तर ते घरात आणूच नये.

लग्न ठरलेल्या मुली

माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि तिने तीन महिन्यांत बारीक व्हायचं मनावर घेतलं. सकाळी उपाशी ग्रीन टी, दुपारच्या जेवणाला लागून एक, रात्री अर्धी चपाती आणि पुन्हा एक. गोश्त बंद, अंडी बंद. वजन चार किलो उतरलं. मोहल्ल्यात कौतुक झालं. मग जिना चढताना धाप लागायला लागली, केस मूठमूठ गळायला लागले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न केला तो, "चहा कधी पितेस?"

चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. डाळी, पालेभाज्या, खजूर यांतल्या लोहाला हा अडथळा जास्त, मांसाहारातल्याला कमी. ग्रीन टीही यातून सुटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत म्हणूनच सांगितलं की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आलेलं आहे. त्यामुळे हा एक तास बायकांनी खास पाळावा. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटी साध्या पाण्यानेच, आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. भाची आता गोश्त खाते, गोळी लिंबूपाण्याने घेते. दोन किलो परत चढले, निकाहही झाला, कोणी काही बोललं नाही.

रात्रपाळी आणि रमजान

तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्याच पोषण संस्थेच्या हिशोबाने 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम. गरोदर बाईने 200 च्या आत राहावं. शरीरात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. पहाटे चारला कडक चहा घेऊन सकाळी आठला झोपायला गेलात तर झोप तुटक येणार, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही गोडाची आणि तळलेल्याची. रात्रपाळीत पोट सुटतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात उरकावा, नंतर पाणी किंवा चहापातीचा काढा.

कारखान्यातला चहा तसा आपल्याकडे फार जुना नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला चहाच्या मळेवाल्यांनी खप वाढवायला गिरण्या, खाणी, कारखान्यांत टपऱ्या काढायला लावल्या आणि कामगारांना चहाची सुट्टी द्यायला मालकांना पटवलं. आपल्या आजोबांच्या आजोबांना ही तलफ ठाऊकही नसावी.

रमजानमध्ये पहिले दोन-तीन रोजे डोकं ठणकतं ते बहुतेक वेळा चहाची सवय तुटल्याने. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोज एक कप कमी करत आणलं तर हा त्रास बराच कमी होतो. इफ्तारला खजूर, चणे, फळं खाऊन लगेच चहा ओतला तर त्यातलं लोह वाया जातं. मगरिबनंतर जेवण होऊ द्या आणि तरावीहला निघण्याआधी एक छोटा कप घ्या, तोही झोप उडत नसेल तरच. सहेरीत चहापेक्षा पाणी आणि दही बरं. ईदच्या दिवशी दहा घरी दहा कप होणारच, त्याचा हिशोब ठेवू नका. फक्त दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा पुन्हा ट्रेमध्ये येऊ द्या.