खानदेशचे फड आणि भूमिगत पाणी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु तापीच्या खोऱ्यांतील पाण्याचा इतिहास या सीमेहून फार जुना आहे. १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग झाले, तेव्हां नंदुरबार, शहादें, तळोदें आणि पांझरेकाठचा साक्रीचा मुलूख हे पश्चिम खानदेशांत एकत्र होते. त्या पांझरेवर फडपद्धति कित्येक शतकें नांदली.

नदींत दगडी बंधारा घालीत. काठानें पाट काढीत. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडीत. एका फडांत एका हंगामीं एकच पीक असे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळें टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पाणी देण्याचें काम गांवानें नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. पाणी स्वतः फोडून घेण्याची मुभा कोणासहि नव्हती.

बंधाऱ्यामागें थांबलेलें आणि फडांत मुरलेलें पाणी वायां जात नसे. काळ्या खडकाच्या भेगांतून तें विहिरींस मिळे, व पाझररूपानें नदींत परतून खालच्या बंधाऱ्यास लागे. नंदुरबार-धुळ्याकडे हा खडक ठिकठिकाणीं उभ्या पाषाणभिंतींनीं छेदलेला आहे. त्यांतील अभंग भिंती भूमिगत प्रवाह अडवितात, तर भंगलेल्या भिंती त्यास वाट देतात.

निसर्गानें जोडलेलें हें पाणी कायद्यानें मात्र दुभंगलें. १८७९ सालच्या मुंबई पाटबंधारे कायद्यानें नदी व कालवे यांवर सरकारचें नियमन आलें. १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यानें जमिनीखालचें पाणी उपसण्याचा हक्क जमिनीच्या धन्याकडे राहिला. पुढें विहिरींवर विजेचे पंप बसले, पांझरेच्या वरच्या अंगास लाटीपाड्यासारखीं धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. वरच्या शेतकऱ्यानें आपल्याच विहिरींतून अधिक उपसा केला, तरी खालच्याचा पाझर आटतो; पण त्याची दाद मागावयास पाटकरी उरला नव्हता.

२००४ पासून शेजारच्या शिरपूर तालुक्यांत नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची माळ घालण्यांत आली. २००९ सालचा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ मध्यें अमलांत आला. त्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाकडेच भूजलाचाहि अधिकार सोंपविला. आज तापीवर प्रकाशें व सारंगखेडें येथें बॅरेज उभे आहेत. त्यांत अडलेलें पाणी आणि काठच्या विहिरींचा उपसा यांचा हिशेब एकाच वहींत मांडला गेला, तरच या कायद्याचें चीज होईल. पांझरेकाठच्या गांवांनीं तो हिशेब वहीवांचून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला होता.