गिऱ्हाईक ओळखणारे गाव

व्यापाराचा इतिहास म्हटला की आपल्याला जहाजे, वखारी आणि कंपन्या आठवतात. माल कोणी नेला, कोठे नेला, केवढ्याला विकला, हे सारे त्यात लिहिलेले असते. पण घेणाऱ्याला तो माल हवा तरी कशासाठी होता, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. खरे पाहता व्यापार त्या प्रश्नावरच उभा असतो. याचे उदाहरण पाहायला फार दूर जायला नको. पालघर स्टेशनाच्या पश्चिमेस सात-आठ किलोमीटरांवर सातपाटी हे मांगेला, वैती आदी मच्छीमारांचे गाव आहे. तेथील मासळीची कथा ही गिऱ्हाईक ओळखण्याचीच कथा आहे.

या किनाऱ्याचे जुने गिऱ्हाईक डोंगराकडचे. मनोर, विक्रमगड, जव्हार या बाजूचा शेतकरी आणि आदिवासी. त्याला ताजे मासे नेऊन काय उपयोग? वाटेतच ते खराब व्हायचे. त्याची गरज निराळी होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या, भाजी महाग, शेतात लावणीची घाई. अशा दिवसांत मूठभर सुकट टाकली तरी भाताबरोबर सबंध घर जेवते. म्हणून आगोटीची बेगमी हवी. ती टिकणारी हवी, वजनाला हलकी हवी आणि पैसा नसला तर भात देऊन मिळणारी हवी. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. तो वलांड्यांवर वाळवून, जवळा उन्हात सुकवून, किनाऱ्यावरच्या बायकांनी ही गरज पुरी केली. मालाच्या बदल्यात धान्य घेण्यातही शहाणपण होते. गिऱ्हाइकाच्या घरात काय असते, हे त्यांना ठाऊक होते.

पुढे १८६४ साली मुंबई आणि गुजरात रेल्वेने जोडले गेले. त्याच मार्गावर पालघर आहे. हळूहळू दुसरे गिऱ्हाईक जवळ आले, ते मुंबईचे. ते पाटीपाशी बसून माशाचा कल्ला उघडून बघते. लाल दिसला तर घेते, नाही तर पुढे जाते. याला सुकट नको, ताजेपणा हवा. म्हणजे मिठाच्या आणि उन्हाच्या जागी बर्फ आला. समुद्र तोच, माणसे तीच. गिऱ्हाईक बदलले तसा धंद्याचा सारा सरंजाम बदलला.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? एवढे कोणालाही कळेल! तसे नाही, मंडळी. १९२१ साली मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून या समुद्रात मासेमारीचा प्रयोग केला. बोट मोठी, जाळे मोठे, मासेही मिळाले. पण ते ताजे ठेवून बाजारात पोचवण्यासाठी शीतगृहांची पुरेशी सोय नव्हती. प्रयोग तोट्यात गेला आणि १९२२ साली गुंडाळावा लागला. मासा पकडणे हे अर्धेच काम आहे; तो घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचला, तर काम पुरे झाले.

सातपाटीकरांनी हे ओळखले होते. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथे मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. सभासदांना बर्फ, इंधन, जाळ्यांचे सामान मिळू लागले. होड्यांना यंत्रे बसली. ‘सातपाटी’ घडणीचा मचवा तर मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत जाऊन बसला. गावाचे नाव झाले ते पापलेटमुळे. त्याला काटे थोडे, वास कमी. ज्याला मासे खायची सवय नाही तोही तो खातो. पण सगळ्यांना एकच पापलेट नको असतो. घरच्या कालवणाला तुकडे पडतील असा हवा, खाणावळीला एका ताटात मावेल असा अख्खा हवा, परदेशी पाठवणाऱ्याला सारख्या वजनाचा हवा. म्हणून संस्थांत वजनाप्रमाणे प्रतवारी होते आणि प्रत्येक प्रतीचा भाव वेगळा ठरतो. प्रतवारी म्हणजे काय, तर निरनिराळ्या गिऱ्हाइकांची निरनिराळी गरज तराजूवर मांडणे.

मात्र गिऱ्हाईक मागेल ते द्यावे, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. स्वस्त मिळतो म्हणून लहान पापलेटलाही गिऱ्हाईक असतेच. बारीक आसाच्या जाळ्यांत अशी पिल्ले अडकतात आणि एकदाही अंडी घालण्याआधी बाजारात येतात. मग पुढल्या वर्षी मोठा पापलेट यायचा कोठून? मासा कमी होत चालल्याची चिंता सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. गिऱ्हाईक आज मागते ती लहान मासोळी. त्याची खरी गरज आहे ती दरसाल मिळणारी मासळी. मागणी आणि गरज यांतला हा फरक विकणाऱ्याने ओळखला पाहिजे आणि घेणाऱ्यानेही.

शेतकरी बंधूंनो, भाजी असो, दूध असो, आंबा असो, हाच हिशेब तुमच्या मालालाही लागू आहे. आणि शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना एकदा गावच्या आठवड्याच्या बाजारात न्या. भाव तर विचारायला सांगाच. पण कोण काय घेतो, किती घेतो, कसे पारखतो आणि घरी नेऊन त्याचे काय करतो, हेही विचारायला सांगा. वर्गात येऊन ते वहीत मांडू द्या. आपल्या गावच्या व्यापाराचा इतिहास लिहायला एवढी सुरुवात पुरेशी आहे.